लिनक्सवर नाटकाच्या लाइटचं जुनं विंडोज सॉफ्टवेअर: झोताच्या तोंडाशी काळे चौकोन, आणि नवा सीन आला की अडकतं

झोतवाला_सत्तरी

नमस्कार मंडळी. मी सत्तरीतला, नाटकांची प्रकाशयोजना करतो. जत्रांचा मोसम सुरू झाला की गावोगावची उत्सवी नाटकं असतात, अधूनमधून साखळीच्या रवींद्र भवनात नाहीतर फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात एखादा स्पर्धेचा प्रयोग. देवळासमोरच्या मंचावर दिवे चढवायला मिळतात ते संध्याकाळी, तोवर मांडव, माइक, पडदे यांचीच गडबड. लाइटची तालीम म्हणून वेगळा वेळ कोणी देत नाही. म्हणून मी घरीच लॅपटॉपवर मंच उभा करतो, कुठला पार (साधा झोताचा दिवा) कुठून मारायचा, कुठला मूव्हिंग हेड (मान फिरवणारा दिवा) कधी फिरवायचा ते बघतो आणि मगच टेम्पोत सामान भरतो.

सॉफ्टवेअर जुनं आहे, फक्त विंडोजवर चालणारं. आतमध्ये ‘डायरेक्टएक्स ९ हवं’ (विंडोजची चित्र काढायची पद्धत) असं लिहिलंय. ते बनवणाऱ्यांनी आता काम थांबवलंय, तेव्हा त्यांना विचारायची सोय नाही. माझा विंडोज लॅपटॉप गेल्या पावसाळ्यात दमट हवेने गेला. भाच्याने त्याचा जुना दिला: आय-फाइव्ह, आठवी पिढी, इंटेलचंच आतलं ग्राफिक्स, त्यावर लिनक्स मिंट. त्यानेच वाइन (विंडोजची सॉफ्टवेअरं लिनक्सवर चालवणारं) आणि डीएक्सव्हीके (त्यातल्या चित्रांच्या सूचनांचं भाषांतर करणारं) टाकून सॉफ्टवेअर उघडून दाखवलं आणि बंगळूरला परत गेला. आता फोनवर तो ‘बघतो मामा’ एवढंच म्हणतो.

अडचणी दोन. पहिली म्हणजे प्रत्येक दिव्याच्या तोंडाशी, झोत सुरू होतो तिथे, काळा चौकोन येतो. कॅमेरा फिरवला की तो थरथरतो. मागे धूर लावला तर चौकोन आणखी मोठा. तुरुंगाच्या सीनला वरून गजांतून येणारा झोत आहे, तिथे तर अर्धा मंच काळा. दुसरी अडचण, नवा सीन आला की चित्र क्षणभर गोठतं. तोच सीन परत लावला तर मात्र सुरळीत.

विंडोजवर यातलं काहीच नव्हतं. लॅपटॉप कमी पडतोय का? की ही भाषांतराची भानगडच अशी, वेग मरणारच? कोणाला ठाऊक असेल तर साध्या भाषेत सांगा, मी विजेचा माणूस आहे, संगणकाचा नव्हे.

काणकोणचा_मॅकवाला

दादा, सरळ सांगू? एखादा एम-वन मॅकबुक सेकंडहँड घ्या. ॲपलने २०२३ मध्ये गेम पोर्टिंग टूलकिट काढलंय, विंडोजचे मोठमोठे गेम त्यावर चालतात. तुमचं सॉफ्टवेअर त्यापुढे किस झाड की पत्ती.

म्हापशेकरीण

आधी मॅकवाल्या भावाला उत्तर देते, नाहीतर दादा उद्या पैसे घेऊन दुकानात उभे राहतील.

त्या टूलकिटमधला जो भाग ग्राफिक्स बदलतो, डीथ्रीडी-मेटल, तो डायरेक्टएक्स ११ आणि १२ साठी आहे. दादांचं सॉफ्टवेअर ९ चं. म्हणजे मॅकवर ते वाइनच्या जुन्या वाटेने जाणार: डायरेक्टएक्स ९ वरून ओपनजीएल (चित्र काढायची दुसरी, जुनी पद्धत). आणि मॅकवरचं ओपनजीएल ४.१ ला थांबलेलं आहे, ॲपलने २०१८ साली मोजावेमध्येच ‘आता हे वापरू नका’ म्हणून जाहीर केलं. एम-वन वगैरे चिपांवर तर ते ओपनजीएल स्वतःच आतून मेटलवर (ॲपलच्या स्वतःच्या ग्राफिक्स पद्धतीवर) चढवलेलं आहे. वर रोझेटा (इंटेलचा कोड ॲपलच्या चिपवर चालवणारं), कारण सॉफ्टवेअर इंटेलच्या प्रोसेसरसाठी लिहिलेलं. मोजा किती थर झाले. नवा गेम मॅकवर धावतो आणि वीस वर्षांपूर्वीचं साधं सॉफ्टवेअर अडखळतं, ते यामुळे. ‘मोठा गेम चालतो म्हणजे छोटं काहीही चालेल’ हा हिशेब या धंद्यात लागू पडत नाही. वय बघायचं, आकार नाही.

तेव्हा दादा, लॅपटॉप बदलू नका. तुमचा आहे तो या कामाला भरपूर आहे.

आता मुद्द्याचं. मी हेच काम करते (म्हापशात बसून, कंपनी बाहेरची), त्यामुळे थोडं लांबेल.

तुमचं सॉफ्टवेअर चित्र काढायला विंडोजच्या एका फाइलीला हाक मारतं, डी-थ्री-डी-नाइन डॉट डीएलएल. भाच्याने डीएक्सव्हीके टाकलं म्हणजे त्याच नावाची, त्याच दारांची दुसरी फाइल तिथे ठेवली. सॉफ्टवेअरला फरक कळत नाही. हाका तशाच येतात, आतून त्या व्हल्कनच्या (नव्या, खुल्या ग्राफिक्स पद्धतीच्या) हाका होऊन इंटेलच्या ड्रायव्हरकडे जातात. हे हाकांचं काम स्वस्त आहे. ‘भाषांतर आलं की वेग मेला’ ही समजूत इथे चुकते. तुमच्या लॅपटॉपचा प्रोसेसर हाका बदलण्यात दमत नाही.

महाग पडतात शेडर. दिव्याचा उजेड कुठे किती पडणार, धुरातून झोत कसा दिसणार हे ठरवणारे छोटे प्रोग्रॅम, जे ग्राफिक्स चिपवर चालतात. ते तुमच्या सॉफ्टवेअरबरोबर मायक्रोसॉफ्टच्या जुन्या बाइटकोडमध्ये आलेले असतात. डीएक्सव्हीके ते वाचून स्पिर-व्ही नावाच्या मधल्या रूपात आणतं, आणि इंटेलचा ड्रायव्हर त्या स्पिर-व्हीपासून तुमच्या चिपचा खरा कोड तयार करतो. पहिली पायरी झटपट होते. दुसरीला वेळ लागतो.

मग गोठण्याचं कारण असं. डायरेक्टएक्स ९ मध्ये प्रत्येक गोष्ट सुटी सुटी लावतात: हा शेडर घे, ब्लेंडिंग असं कर, खोली तपास, आता काढ. म्हणजे कन्सोलवर एकेक फेडर हाताने वर नेल्यासारखं. व्हल्कनला असं चालत नाही, त्याला अख्खा क्यू (दिव्यांची एक ठरलेली मांडणी) आधी रेकॉर्ड केलेला हवा, सगळे फेडर कुठे आहेत त्यासकट. त्या रेकॉर्ड केलेल्या क्यूला पाइपलाइन म्हणतात. आता डीएक्सव्हीकेला सगळे फेडर कुठे उभे आहेत ते कळतं कधी? सॉफ्टवेअर ‘काढ’ म्हणतं तेव्हाच. तेव्हा कुठे पाइपलाइन बांधायला घ्यायची, आणि तोवर चित्र थांबलेलं. नवा सीन म्हणजे नवी जुळणी, म्हणून नव्या सीनलाच गोठतं आणि दुसऱ्यांदा गोठत नाही. लक्षण तुम्ही अगदी बरोबर टिपलंय.

यावर २०२२ मध्ये व्हल्कनला एक जोड मिळाली, ग्राफिक्स पाइपलाइन लायब्ररी. पाइपलाइनचे तुकडे आधी वेगवेगळे बांधून ठेवायचे आणि ऐनवेळी फक्त जोडायचे. त्याच वर्षी आलेलं डीएक्सव्हीके २.० ती वापरतं. पण ड्रायव्हरनेही ती द्यायला हवी. तेव्हा मिंटचे सगळे अपडेट घ्या, मेसा हे पॅकेज विशेष करून, ग्राफिक्स ड्रायव्हर त्यातच असतो. डीएक्सव्हीके २.० ला व्हल्कन १.३ लागतं, तुमच्या आठव्या पिढीच्या इंटेलवर ते मिळतं. (ज्यांच्या जुन्या लॅपटॉपवर ते मिळत नाही त्यांनी उगाच झगडू नये, १.१०.३ ही आवृत्ती टाकावी.)

काळे चौकोन हा वेगळाच आजार, आणि मला तोच जास्त आवडतो. त्याचा वेगाशी काही संबंध नाही.

झोताच्या उजेडाचं गणित असं असतं की दिव्यापासून अंतर वाढलं की उजेड अंतराच्या वर्गाने कमी. म्हणजे एक भागिले अंतराचा वर्ग. दिव्याच्या अगदी तोंडाशी अंतर शून्य. एक भागिले शून्य म्हणजे ग्राफिक्स चिपच्या हिशेबात अनंत. त्याला दुसऱ्या एका आकड्याने गुणतात: हा ठिपका झोताच्या शंकूत आहे की बाहेर? बाहेर असेल तर शून्य. आता शून्य गुणिले अनंत किती?

डायरेक्टएक्स ९ च्या काळातल्या चिपा सरळ सांगायच्या: शून्य. शून्याने काहीही गुणा, शून्यच. शेडर लिहिणारे त्यावर निर्धास्त विसंबले, कोणी तपासणी घातली नाही. नंतरच्या चिपांनी आकडेमोडीचं आयईईई प्रमाण पाळायला घेतलं, आणि त्यात शून्य गुणिले अनंत म्हणजे ‘नॅन’. आकडाच नाही. हा नॅन संसर्गजन्य आहे. त्यात काहीही मिळवा, कशानेही गुणा, उत्तर नॅनच. पडद्यावर पोचेपर्यंत त्याचं काळं होतं.

एकच ठिपका बिघडला तर तुम्हाला दिसलाही नसता. पण तुमच्या सॉफ्टवेअरात दिव्याभोवती चमक पसरवायची सोय असणार, ग्लो किंवा ब्लूम नावाची. ती प्रत्येक ठिपक्यासाठी शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढते. शेजारात एक नॅन असला की सरासरी नॅन. म्हणून ठिपक्याचा चौकोन होतो, आणि धूर लावला की आणखी मोठा, कारण धुराचाही असाच एक फेरा असतो. कॅमेरा हलला की नेमका कोणता ठिपका शून्य अंतरावर येतो ते बदलतं, म्हणून थरथर.

पडताळा असा घ्या: सेटिंगमध्ये ग्लो बंद करा. चौकोन आक्रसून दिव्याच्या तोंडाशी बारीक काळा ठिपका उरला, तर माझं निदान पक्कं. तसाच मोठा राहिला तर मी चुकले, मग पुढचं बघू.

उपाय डीएक्सव्हीकेमध्येच आहे. सॉफ्टवेअरची ईएक्सई जिथे आहे त्याच फोल्डरात डीएक्सव्हीके डॉट कॉन्फ नावाची साधी टेक्स्ट फाइल करा. त्यात एकच ओळ: डीथ्रीडी९, टिंब, फ्लोटइम्युलेशन, बरोबर चिन्ह, स्ट्रिक्ट. इंग्रजीत टाइप करताना इम्युलेशनचा ई आणि स्ट्रिक्टचा एस कॅपिटल. मुळात ते ‘ऑटो’वर असतं, म्हणजे ड्रायव्हर पाहून ठरवतं. एएमडीच्या चिपांत ‘शून्याने गुणलं की शून्य’ अशी जुन्या पद्धतीची वेगळी सूचना आहे, तिथे हे फुकटात होतं. तशी सोय नसेल तिथे प्रत्येक गुणाकाराला जादा तपासणी घालावी लागते, म्हणून ऑटो सगळीकडे इतकं कडक वागत नाही. स्ट्रिक्ट केल्याने थोडा वेग जाईल. तुम्हाला काय सेकंदाला साठ फ्रेमची गरज नाही.

हे करण्याआधी डीएक्सव्हीके खरंच वापरात आहे का ते बघा, नाहीतर ही फाइल कोणी वाचणारच नाही. डीएक्सव्हीके अंडरस्कोर एचयूडी हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ‘फुल’ ठेवून सॉफ्टवेअर उघडा. डाव्या कोपऱ्यात चिपचं नाव आणि आकडे दिसले पाहिजेत. काहीच दिसलं नाही तर वाइन आपल्या ओपनजीएलच्या वाटेने चाललंय असं समजा.

फर्मागुडी_बीई

ताई, एक शंका. शेडर एकदा बांधून झाला की तो डिस्कवर ठेवून सगळ्यांना वाटून का टाकत नाहीत? माझ्याकडे बांधला, दादांना पाठवला, गोठणं संपलं.

म्हापशेकरीण

डिस्कवर ठेवतातच, बाळा. मेसाचा स्वतःचा कॅशे होम फोल्डरात असतो. पण तयार कोड त्या चिपचा आणि ड्रायव्हरच्या त्या आवृत्तीचा. तुझ्याकडे एनव्हिडिया असेल तर तुझा कोड दादांच्या इंटेलला कागदाच्या कपट्याइतकाच उपयोगी. ड्रायव्हर अपडेट झाला की स्वतःचाही जुना कॅशे बाद.

वाटता येतं ते एक पायरी आधीचं: स्पिर-व्ही आणि पाइपलाइनची जुळणी. स्टीम हे गेमचं दुकान चालवणाऱ्या वाल्व्हचं फॉसिलाइझ तेच करतं. एकाकडे खेळताना आलेल्या जुळण्या टिपून ठेवायच्या, दुसऱ्याच्या मशीनवर गेम उघडण्याआधी त्या बांधून घ्यायच्या. स्टीमवर ‘व्हल्कन शेडर प्रक्रिया चालू’ अशी पट्टी सरकताना बघितली असशील, ती हीच. दादांचं सॉफ्टवेअर गोव्यात बहुधा दादाच वापरतात, त्यांना कोण वाटणार?

प्रोजेक्टसाठी विषय शोधत असशील तर एक धागा देते. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की शेडर मॉडेल ७ पासून डायरेक्टएक्सही स्पिर-व्ही स्वीकारेल. आज डायरेक्टएक्स १२ चं डीएक्सआयएल (शेडरचं मधलं रूप) एलएलव्हीएम या कंपायलर-संचाच्या ३.७ या जुन्या आवृत्तीवर बेतलेलं आहे, ते उलगडून स्पिर-व्हीत आणणं हे वेगळंच दुखणं आहे. ती पायरी पुढेमागे निघून गेली तरी जुने गेम आणि जुनी सॉफ्टवेअरं राहणारच. त्यांचा बाइटकोड कोणी परत लिहून देणार नाही.

काणकोणचा_मॅकवाला

मान्य, ९ चं माझ्या लक्षात नव्हतं. पण मॅकवरही डीएक्सव्हीके चालवतात की, मोल्टनव्हीके घालून. मग त्याच वाटेने गेलं तर?

म्हापशेकरीण

जाता येतं, पण वाट अरुंद. मोल्टनव्हीके व्हल्कनच्या हाका मेटलच्या करतं आणि स्पिर-व्हीपासून मेटलची शेडर भाषा लिहून देतं. जे मेटलमध्ये आहे ते उत्तम जातं. नाही त्याची पंचाईत. जॉमेट्री शेडर ही पायरीच मेटलमध्ये नाही. त्रिकोणांचा पंखा काढायची सोय नाही, म्हणजे पंख्याच्या प्रत्येक हाकेला बिंदूंची यादी बदलून द्यायची. त्यामुळे मॅकसाठी डीएक्सव्हीकेच्या छाटलेल्या, जुन्या आवृत्त्या वापरतात. असाहीवाल्यांनी (ॲपलच्या मॅकवर लिनक्स आणणारा गट) लिनक्सवर त्याच ॲपल चिपसाठी व्हल्कन ड्रायव्हर लिहिला तेव्हा जॉमेट्री शेडर कॉम्प्युट शेडरमधून नकलून दाखवले. म्हणजे चिपला ते झेपत नाही असं नव्हे, मेटलने तेवढं दार ठेवलेलं नाही. हे बघून मला ॲपलचा राग येतो आणि त्या ड्रायव्हरवाल्यांबद्दल हेवा वाटतो.

झोतवाला_सत्तरी

बाय, तुझं निदान अगदी तंतोतंत.

आधी एचयूडी लावलं. डाव्या कोपऱ्यात इंटेलचं नाव, खाली आकडे. मग ग्लो बंद केला: सगळे चौकोन गेले, प्रत्येक पारच्या तोंडाशी मोहरीएवढा काळा ठिपका उरला. ती फाइल केली, स्ट्रिक्ट लिहिलं, परत उघडलं. ठिपकेही गेले. ग्लो चालू केला, धूर चालू केला, तुरुंगाचा सीन लावला. गजांच्या सावल्या फरशीवर जशा विंडोजवर पडायच्या तशाच पडल्या. चित्र थोडं जड चालतंय, पण मला तेवढं पुरे.

मिंटचे अपडेट घेतले, त्यात मेसाही आलं. गोठणं बरंच कमी झालं, पूर्ण गेलं नाही. मूव्हिंग हेडमध्ये गोबो (झोतात नक्षी पाडणारी चकती) बदलला की अजून एक झटका बसतो. एचयूडीत तेव्हा खाली ‘कंपायलिंग’ असं काहीतरी येऊन जातं.

आता शेवटची गोष्ट. प्रयोगाला हाच लॅपटॉप यूएसबी-डीएमएक्स डोंगलला (डीएमएक्स म्हणजे दिव्यांना हुकूम पोचवायची पद्धत) लावून दिवे चालवता येतील का? विंडोजवर मी तेच करायचो.

म्हापशेकरीण

गोबोचा झटका म्हणजे उरलेल्या जुळण्या, ज्या आधी तुकड्यांत बांधून ठेवता आल्या नाहीत. प्रयोगाच्या आदल्या दिवशी घरी सगळे क्यू सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा चालवून घ्या, कॅशे भरेल. आणि त्यानंतर प्रयोग होईपर्यंत अपडेट घेऊ नका. कितीही विनवलं तरी नाही.

डोंगलचं मला नीट सांगता येणार नाही. मी पडद्याच्या अलीकडची.

तारवाला_फोंडा

डोंगलचं मी सांगतो, नाटकाची साउंड-लाइट भाड्याने देणं हाच धंदा.

डोंगल कुठल्या जातीचा त्यावर आहे. काही डोंगल सीरियल पोर्ट म्हणून दिसतात, ते वाइनमध्ये कॉम पोर्टला जोडता येतात. स्वतःचा विंडोज ड्रायव्हर मागणारे असतील तर विसरा, वाइन विंडोजचे हार्डवेअर ड्रायव्हर चालवत नाही. तिथे ताईंचं डीएक्सव्हीके काही करू शकत नाही.

माझा सल्ला, सॉफ्टवेअरमध्ये आर्ट-नेट (नेटवर्कवरून डीएमएक्स पाठवायची पद्धत) आउटपुट आहे का बघ बाब. असलं तर डोंगलच नको. एक आर्ट-नेट नोड घे, लॅपटॉपपासून नोडपर्यंत लॅनची वायर, नोडमधून तुझी नेहमीची डीएमएक्स वायर. आर्ट-नेट म्हणजे साधे यूडीपी पॅकेट, ते वाइनमधून विनातक्रार बाहेर पडतात. लॅपटॉपला पत्ता २ नाहीतर १० ने सुरू होणारा दे, नोडच्या जोडीचा. मिंटची फायरवॉल चालू असेल तर यूडीपी ६४५४ पोर्ट मोकळा ठेव. वायफायवर चालवू नको, जत्रेत शेपाचशे मोबाइल असतात.

आउटपुट नसलंच तर बघायला हे सॉफ्टवेअर आणि चालवायला क्यूएलसी प्लस. ते लिनक्सवर मुळातच चालतं, फुकट आहे, वाइनची भानगड नाही. क्यू दोनदा लिहावे लागतील तेवढाच त्रास. एका युनिव्हर्सचे (डीएमएक्सच्या एका लाइनचे) ५१२ चॅनल, तुझं उत्सवी नाटक त्यात आरामात बसतं.

झोतवाला_सत्तरी

आर्ट-नेट आहे! सेटिंगच्या तळाशी होतं, कधी उघडलंच नव्हतं. तुमच्याकडे नोड भाड्याने मिळेल का? दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी लागेल.

तारवाला_फोंडा

मिळेल. आठवडाभर आधी ये आणि लॅपटॉप घेऊन ये, इथेच चार पार लावून बघू.